पाच वर्षांच्या हिशेबाने बांधलेली घरं शंभर वर्षं कशी टिकवतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वायोमिंगमधलं ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यान पाहिलं. जॅक्सन होल खोऱ्यातल्या पहिल्या वसाहतकऱ्यांची लाकडी घरं आणि बार्न, म्हणजे गवत-जनावरांची मोठी कोठारं, तिथे जपून ठेवली आहेत. एका केबिनच्या भिंतीतले निम्मे ओंडके नवेकोरे दिसले. मग ती जुनी कशी म्हणायची? एकदाच चांगलं रसायन किंवा पॉलिश मारून विषय मिटवत का नाहीत? आणि मॉर्मन रो या जुन्या वस्तीत सगळं इतकं देखणं असताना मधेच ते गुलाबी घर कशाला ठेवलंय? आम्हाला या कामात स्वयंसेवक म्हणून जाता येईल का?"

रसायनाचं आधी सांगते, कारण ते उत्तर सगळ्यात छोटं आहे. असं रसायन नाही. पण ते का नाही, हे कळायचं तर ही घरं कोणी आणि कशासाठी बांधली इथून सुरुवात करावी लागेल. मी बरीच वर्षं पश्चिम अमेरिकेतल्या डोंगराळ भागात ओंडक्यांच्या जुन्या इमारती दुरुस्त करण्याचं काम करते आहे. पाहुण्यांचा गोंधळ बहुतेक वेळा एकाच गोष्टीने होतो. त्यांना वाटतं, इतकी वर्षं उभं आहे म्हणजे टिकायलाच बांधलं असणार.

तसं नव्हतं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने सरकार 160 एकर, म्हणजे साधारण 65 हेक्टर जमीन जवळजवळ फुकट देत होतं. अशा जमिनीलाही होमस्टेडच म्हणतात. अट अशी की तिथे घर बांधायचं, पाच वर्षं राहायचं आणि जमीन कसून दाखवायची. जॅक्सन होलमध्ये पहिले वसाहतकरी आले ते 1884 मध्ये, बाकी पश्चिमेच्या मानाने उशिराच. कारण उघड आहे. खोऱ्याचा तळच समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास. पिकाला जेमतेम दोन महिने मिळतात. खोऱ्यातल्या मूस गावाजवळ वर्षाला चार मीटरपेक्षा जास्त बर्फ पडतो. अशा ठिकाणी उन्हाळ्यात येऊन पोचलेल्या माणसाला पहिला बर्फ पडायच्या आत डोक्यावर छप्पर हवं असे. टेकडीवरचा लॉजपोल पाइन सरळ वाढतो, फार जाड होत नाही, दोन माणसांना उचलता येतो. तो तोडायचा, टोकांना खाच पाडायची, एकावर एक रचायचा. जोतं वगैरे काही नाही. चार कोपऱ्यांत नदीचे गोटे ठेवायचे, तेही असले तर, नाहीतर तळाचा ओंडका थेट मातीवर.

पुढे हातात चार पैसे आले की माणूस फळ्यांचं बरं घर बांधी आणि पहिली केबिन कोंबड्यांना, घोड्यांना किंवा अवजारांना जाई. पिअर्स कनिंगहॅमने 1888 च्या सुमारास बांधलेली केबिन आज उद्यानातल्या सगळ्यात जुन्या उभ्या इमारतींपैकी आहे. दोन खोल्या, मधे छताखालची मोकळी वाट आणि वर मातीचं छप्पर. मोठं घर झाल्यावर त्यानेही तिचा गोठा आणि लोहारकामाची जागा करून टाकली. ती पुढल्या शतकात कोणी जपेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

मग ही घरं तीस-चाळीस वर्षं तरी कशी उभी राहिली? आत माणूस राहत होता म्हणून. दर शरदात तो ओंडक्यांमधल्या फटींत माती लिंपायचा. छपरावरचा बर्फ फावड्याने ओढायचा. भिंतीला लागलेली माती आणि शेण खरवडून बाजूला करायचा, कारण त्याला दार उघडायचं असे. आत शेगडी सतत पेटलेली, म्हणजे तळाच्या ओंडक्याची ओल आतून वाळत राहायची. माणूस गेला की ही सगळी कामं त्याच दिवशी थांबतात आणि पाणी मोकळं होतं. आमचं काम म्हणाल तर त्या गेलेल्या माणसाची रोजची कामं कोणीतरी करत राहावीत, एवढी व्यवस्था लावणं. सुतारकाम त्यानंतर येतं.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळा खेळ तिथे आहे.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल वजनाच्या वीस टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही. पंचविसाच्या वर सतत राहिली तर ती मजेत असते. जॅक्सन होलची हवा कोरडी, त्यामुळे भिंतीच्या मधल्या भागातला पाइन शंभर वर्षांनंतरही टणटणीत वाजतो. सडतात त्या ठरावीक जागा. सगळ्यात आधी तळाचा ओंडका. मग कोपऱ्यातून बाहेर आलेली ओंडक्यांची टोकं, कारण ती वळचणीच्या बाहेर असतात आणि लाकूड आडव्या अंगाने जेवढं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट टोकाकडून पितं. मग खिडकीच्या खालचे एक-दोन ओंडके. आणि पागोळ्या जिथे जमिनीवर आपटून भिंतीवर उडतात ती कमरेखालची पट्टी.

वरून पाहणाऱ्याला हे दिसत नाही. बाहेरचा इंचभर थर उन्हात वाळून कडक राहतो आणि आतला गाभा भुसभुशीत होऊन जातो. म्हणून आम्ही ओंडक्यावर हातोडी वाजवत जातो. पोकळ आवाज आला की टोकदार आरी खुपसून पाहायची. शंका राहिली तर बारीक ड्रिल. त्याची सुई तीन मिलिमीटरची, लाकूड तिला किती अडवतं याचा आलेख निघतो आणि कुठे गाभा आहे, कुठे पोकळी, ते कळतं. पण माझ्या अनुभवात हातोडी आणि कान यांनी बहुतेक काम भागतं. यंत्राचा आलेख मुख्यतः पैसे मंजूर करणाऱ्यांना दाखवायला कामी येतो.

तळाचा ओंडका का सडतो, तर जमीन वर येते म्हणून. घर खचतं हे अर्धंच खरं. शंभर वर्षांत वाऱ्याची धूळ, पालापाचोळा, शेण, जमीन उकरणाऱ्या गोफर आणि खारींच्या बिळांची माती असं साठत साठत भिंतीशी वीतभर थर बसतो. त्यावर एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळतो. दिवसा पाणी, रात्री पुन्हा गोठतं. हे आठवड्यांमागून आठवडे चालतं. उत्तरेच्या भिंतीला टेकलेला ढिगारा तर जूनपर्यंत असतो. म्हणून एखाद्या मोडकळीला आलेल्या केबिनवर माझं पहिलं काम फावड्याचं असतं. भिंतीभोवतीची माती काढायची, जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. पुरातत्त्वाच्या माणसाने आधी ती माती चाळलेली असली पाहिजे, कारण बाटल्या, खिळे, बटणं सगळं त्यातच असतं. हे काम कोणाला दिसत नाही आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. तरी सडलेल्या लाकडात भरायच्या महागड्या इपॉक्सी राळेपेक्षा ते जास्त वर्षं देतं, असं माझं ठाम मत आहे.

आता पॉलिश. पॉलियुरेथेन किंवा व्हार्निशचा थर ओंडक्यावर बसला की पहिलं वर्षभर छान दिसतं. या उंचीवरचं ऊन अतिशय तीव्र. थराला तडे जातात, तड्यातून पाणी आत शिरतं आणि थरामुळे बाहेर पडू शकत नाही. म्हणजे ज्याला वाळू द्यायचं त्यालाच आपण पिशवीत बांधलं. जवसाचं तेल पूर्वी सर्रास लावत. त्यावर काळी बुरशी धरते. बोरेट चांगलं औषध आहे, कीड आणि बुरशी दोन्हींना मारतं, माणसाला फारसा धोका नाही. पण ते पाण्यात विरघळणारं मीठ आहे. पावसात आणि ओल्या जमिनीत ते धुऊन जातं. छपराच्या आतल्या बाजूला, जोडांमध्ये, तुळयांच्या टोकांना आम्ही ते वापरतो. उघड्या भिंतीवर दर थोड्या वर्षांनी पुन्हा मारत बसायचं, तर त्यापेक्षा वळचण नीट करावी.

फटींचंही तसंच. जुन्या फटींत चिरलेल्या बारीक वाशांच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात आणि बाहेरून मातीचा किंवा चुन्याचा लेप. मधल्या काळात कुणीतरी कळवळ्याने त्यात सिमेंट भरतं. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं, सिमेंट हलत नाही. दोघांच्या मधे केसाएवढी चीर पडते, पाणी तिच्यातून आत उतरतं आणि सिमेंटच्या पाठीमागे महिनोन्महिने मुक्काम करतं. सिमेंट फोडून काढलं की मागचा ओंडका चमच्याने काढता येईल इतका गेलेला, हे इतकं नेहमीचं आहे की मी आता आधीच नवं लाकूड मागवून ठेवते. त्या जागी मऊ चुन्याचा लेप घालायचा. तो अधूनमधून झडतो, पुन्हा भरायचा. झडणारी गोष्ट लेप असावी, लाकूड नसावं.

कनिंगहॅम केबिनसारखं मातीचं छप्पर पाहिलं की मराठवाड्यात किंवा खानदेशात धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाला त्याची दुखणी लगेच कळतील. गळलं की वर आणखी माती टाकायची, की वजन वाढतं. एक चौरस मीटरवर 15 सेंटिमीटर ओली माती म्हणजे अडीचशे किलोंच्या पुढे वजन, आणि इथे त्यावर हिवाळ्याचा बर्फ. आढं वाकतं, पाखं बसतं, मग भिंतीचे वरचे ओंडके बाहेर ढकलले जातात. आज असं छप्पर दुरुस्त करताना फळ्यांवर रबराचा पाणी अडवणारा पडदा घालून त्यावर माती आणि गवत बसवतात. कडेला तो दिसू नये म्हणून खूप खटाटोप असतो. काही शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही. मला रुचतं. पडदा दिसत नाही आणि खालच्या फळ्या पुन्हा पुन्हा बदलाव्या लागत नाहीत.

आता निम्म्या नव्या ओंडक्यांच्या भिंतीकडे येते.

राष्ट्रीय उद्यानं ज्याच्याकडे आहेत त्या अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या इंटिरिअर खात्याचे या कामासाठी ठरवलेले निकष आहेत. त्यात चार वाटा सांगितल्या आहेत: आहे तसं सांभाळणं, वापरासाठी सुधारणं, विशिष्ट काळातल्या रूपात परत आणणं आणि नष्ट झालेलं पुन्हा उभारणं. कुठलीही वाट घेतली तरी आधी दुरुस्ती, ती शक्यच नसेल तर बदल, आणि बदल करायचाच तर त्याच जातीच्या, त्याच मापाच्या, त्याच हत्याराने घडवलेल्या लाकडाने, असा क्रम असतो. म्हणजे टोक सडलं असेल तर फक्त टोक कापून नवं टोक जोडायचं. बाहेरचा अर्धा भाग गेला असेल तर ओंडका उभा चिरून अर्धा नवा बसवायचा, आतला जुना तसाच. आतल्या बाजूला कधीकधी वसाहतकऱ्यांनी थंडी अडवायला चिकटवलेली वर्तमानपत्रं असतात, त्यामुळे आतला पृष्ठभाग वाचवण्याला फार महत्त्व. अख्खा ओंडका बदलायची वेळ बहुतेक करून तळालाच येते.

त्यासाठी घर उचलावं लागतं. ऐकायला अचाट वाटतं, प्रत्यक्षात फार संथ आणि कंटाळवाणं असतं. आतून आणि बाहेरून तुळया बांधायच्या, खाली ठोकळ्यांची चौकट रचायची, जॅक लावायचे आणि थोडं थोडं वर घ्यायचं. घराची कुरकुर ऐकत थांबायचं. प्रत्येक टप्प्याला खाली पाचर किंवा ठोकळा सरकवायचा, म्हणजे जॅक निसटला तरी घर खाली येणार नाही. हेतू घर सरळ करण्याचा नसतो, फक्त तळाचा ओंडका मोकळा होण्याइतका भार उचलायचा. साठ वर्षं तिरकी राहिलेली भिंत एका आठवड्यात ओळंब्यात आणायला गेलं की वरचे सांधे फाटतात. थोडं तिरकं राहू द्यावं.

नवा ओंडका उभा वाळलेल्या झाडाचा घ्यायचा. पश्चिमेत पाइनच्या सालीखाली राहणाऱ्या भुंग्याने या शतकाच्या सुरुवातीला प्रचंड जंगल मारलं, त्यामुळे असं लाकूड दुर्दैवाने भरपूर आहे. ते आधीच आकसलेलं असतं, म्हणून बसवल्यावर भिंत खाली बसत नाही. दोन मुठींच्या सुऱ्याने साल काढायची, खाच कुऱ्हाडीने पाडायची. साखळीकरवतीने पाडली की तिचे दात उन्हात स्पष्ट दिसतात. ओंडक्याच्या न दिसणाऱ्या बाजूवर बसवल्याचं वर्ष कोरून ठेवायचं, म्हणजे पन्नास वर्षांनी उघडणाऱ्याला कळेल की हा आपल्या काळातला. दिसणारी बाजू मात्र आम्ही मुद्दाम काळी करत नाही. तुम्हाला नवेकोरे दिसले ते यामुळेच. दहा-बारा हिवाळ्यांत ते आपोआप राखाडी होतील.

मग जुनं काय राहिलं? मापं राहिली, खाचांची पद्धत राहिली, घर ज्या दिशेला तोंड करून आहे ती दिशा राहिली. जुने ओंडके जितके वाचवता येतील तितके राहिले. हा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका नवाही नाही, कारण ज्यांनी ही घरं बांधली त्यांना ओंडक्यांच्या अस्सलपणाचं सोयरसुतक नव्हतं. ते ओंडक्यांना क्रमांक घालून घर उसकटत आणि दुसरीकडे नेऊन रचत. मॉड नोबलची केबिन अशीच 1918 मध्ये स्नेक नदीवरच्या मेनोर्स फेरीजवळ आणली गेली. पुढे 1923 मध्ये खोरं कसं वाचवायचं यावर यलोस्टोनचे अधीक्षक होरॅस ऑलब्राइट आणि स्थानिक लोक यांची प्रसिद्ध बैठक झाली ती त्याच केबिनमध्ये. मॉर्मन रोवरचं चर्च तर खोऱ्यातच दुसरीकडे हलवलं गेलं आणि आज त्यात पिझ्झाचं रेस्टॉरंट चालतं. माझ्या व्यवसायातल्या काहींना याचं वाईट वाटतं. मला त्या इमारतीची अजिबात काळजी वाटत नाही. तिचं छप्पर गळलं तर मालक त्याच आठवड्यात दुरुस्त करेल.

गुलाबी घराचा प्रश्न मला तुमच्या सगळ्या प्रश्नांत आवडला, कारण त्यात खरी अडचण आहे. काय ठेवायचं हे कोण ठरवतं?

1925 मध्ये शेतमालाला भाव नाही, कर्ज डोक्यावर, अशा परिस्थितीत खोऱ्यातल्या 97 जणांनी अर्जावर सह्या केल्या की सरकारने आमच्या जमिनी विकत घ्याव्यात आणि हे सगळं लोकांसाठी राखावं. त्या अर्जामागचा एक पुढारी आपला तोच पिअर्स कनिंगहॅम. पुढे जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्या पैशाने एका कंपनीमार्फत जवळजवळ 35 हजार एकर जमीन खरेदी झाली. खरेदीदार कोण हे आधी लपवलं गेलं, त्यावरून मोठं राजकारण पेटलं. 1929 चं छोटं उद्यान, 1943 चं राष्ट्रीय स्मारक आणि रॉकफेलरांनी दिलेली जमीन मिळून आजचं उद्यान 1950 मध्ये झालं. त्या काळातली समजूत अशी की उद्यान म्हणजे निसर्ग. त्यात माणसाची घरं नकोत. त्यामुळे विकत घेतलेल्या कितीतरी रँचच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतांच्या, इमारती पाडल्या, जाळल्या किंवा उचलून नेल्या गेल्या. तुम्ही जिथे सेजब्रशच्या झुडपांचं मोकळं माळरान पाहून "किती अस्पर्श" म्हणालात, तिथल्या पुष्कळ ठिकाणी कुंपणं आणि कोठारं होती.

1966 च्या ऐतिहासिक वारसा कायद्याने हा कल बदलायला सुरुवात केली. केंद्रीय खात्याला आता काहीही पाडण्याआधी वास्तूचं महत्त्व तपासावं लागतं, राज्याच्या वारसा कार्यालयाशी बोलावं लागतं. तरी मॉर्मन रोला ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत जागा मिळाली ती 1997 मध्ये. तोपर्यंत बरंच गेलं होतं. ज्या टी. ए. मोल्टन बार्नचा फोटो जगभर फिरतो, त्या होमस्टेडवरची तेवढी एकच इमारत उरली आहे. ते बार्नही एका उन्हाळ्यात बांधलेलं नाही. 1912 च्या सुमारास सुरुवात झाली आणि मुलांना हाताशी घेऊन, जमेल तसे जोड देत, ते पूर्ण व्हायला सुमारे तीस वर्षं लागली. दोन्ही बाजूंची उतरती पाखी नंतरची आहेत. ज्या आकारामुळे ते देखणं दिसतं तो मुळात एका शेतकऱ्याने गरजेप्रमाणे वाढवत नेलेला आकार आहे.

आणि हे गुलाबी घर जॉन आणि बार्था मोल्टन यांचं. ओंडक्यांच्या पहिल्या घराच्या जागी त्यांनी हे गिलाव्याचं घर बांधलं. टिकलेल्या, पाणी खेळवलेल्या, बऱ्या दिवसांचं घर. लोकांना ते फोटोतून काढून टाकावंसं वाटतं, कारण वसाहतकरी म्हटलं की ओंडकाच हवा असं डोक्यात बसलेलं असतं. तिकडे दूर आग्नेयेला टेनेसीतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात नेमकं हेच घडलं. तिथल्या केड्स कोव्ह खोऱ्यात लोक 1818 पासून राहत होते आणि 1900 च्या सुमारास सातशेच्या आसपास वस्ती होती. तिथे फळ्यांची रंगवलेली घरं, दुकानं होती. उद्यान झाल्यावर ती बहुतेक हटवली आणि ओंडक्यांच्या केबिनी ठेवल्या. एक-दोन तर दुसरीकडून आणून बसवल्या. आज मोटारीतून चक्कर मारणाऱ्याला वाटतं की तिथले लोक 1930 मध्येही 1830 सारखेच राहत होते. खोरं अतिशय सुंदर दिसतं आणि इतिहास चुकीचा सांगतं. म्हणून मॉर्मन रोवरचं गुलाबी घर कोणी रंगवून "सौम्य" करायला निघालं तर मी विरोध करेन.

तिथे घरांइतकीच जपायची गोष्ट म्हणजे पाट. बहुतेक होमस्टेड एकमेकांपासून मैलभर लांब असत. इथे मात्र आयडाहोकडून आलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी एका रस्त्याच्या कडेने 27 होमस्टेड घेतली, म्हणजे शेजार राहील आणि पाटाचं पाणी वाटून घेता येईल. 1896 पासून चाळीस वर्षं ते पाट खणत होते. काहींतून अजून पाणी वाहतं. बार्नपाशी उभं राहून पाठ टीटन डोंगरांकडे केली तर ते दिसतात, पण तसं कोणी करत नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. "पहिले वसाहतकरी" हे शब्द मी सवयीने वापरते, पण शोशोनी, बॅनॉक आणि इतर जमाती हजारो वर्षं उन्हाळ्यात या खोऱ्यात येत होत्या. त्यांचे तंबू उठले की मागे भिंती उरत नव्हत्या, म्हणून दुरुस्तीच्या यादीत त्यांचं काही नाही. चुलींच्या जागा आणि दगडी अवजारं जमिनीत आहेत. केबिनभोवतीचं फावडं जपून चालवायचं ते त्यासाठीही.

सगळ्याच इमारतींना सारखे पैसे मिळत नाहीत, मिळणारही नाहीत. दोन जागा शेजारी ठेवून पाहिल्या की हे लगेच लक्षात येतं. बार बीसी ही 1912 मध्ये लेखक स्ट्रुथर्स बर्ट आणि डॉ. होरॅस कार्नक्रॉस यांनी सुरू केलेली ड्यूड रँच. म्हणजे पूर्वेकडच्या शहरी श्रीमंतांनी पैसे मोजून घोड्यावर बसायला आणि काउबॉय जगणं चाखायला यायचं ठिकाण. स्नेक नदीच्या अगदी काठी, खालच्या पायरीवर. नदी तिथे पात्र बदलते. अनेक केबिनींची छपरं बसली. तिथे ठरलं ते असं की ज्या उभ्या आहेत त्यांना पडू द्यायचं नाही, टेकू आणि पाणी अडवणारं छप्पर द्यायचं, पण पुन्हा राहण्यायोग्य करायचं नाही. उलट व्हाइट ग्रास. 1913 ची रँच, तीही पुढे ड्यूड रँच झाली, 1985 मध्ये बंद पडली. वीस वर्षं रिकामी राहिली आणि तेवढ्यात तिची दशा बघवत नव्हती. 2005 पासून राष्ट्रीय उद्यान सेवा आणि वारसा जपणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था यांनी ती दुरुस्त केली आणि आज तिथे जुन्या ओंडक्यांच्या इमारतींची दुरुस्ती शिकवणारं केंद्र आहे. उन्हाळ्यात शिकणारे लोक त्याच केबिनींत राहतात. नळ, वीज आत आली, काही मूळ गोष्टी बदलल्या. पण रात्री गळायला लागलं तर झोपलेल्या माणसाच्या तोंडावर थेंब पडतो आणि सकाळी कोणीतरी शिडी लावतं. मला निवड करायला सांगितली तर जिथे शक्य असेल तिथे मी व्हाइट ग्रासची वाट घेईन, नळ-विजेसकट. सगळीकडे ती शक्य नाही. खिडकीला काच नसलेल्या, दोन मीटर उंचीच्या केबिनमध्ये आजच्या नियमांप्रमाणे कोणाला ठेवता येणार?

आता स्वयंसेवक म्हणून येण्याबद्दल. येता येतं. मॉर्मन रोसारख्या ठिकाणी स्वयंसेवकांनी खूप काम केलं आहे. सुतारकाम येत नसलं तरी साल काढणं, लेप भरणं, छपरावर शिंगल्स (लाकडी चिपा) ठोकणं, कुंपण दुरुस्त करणं शिकवतात. कुंपणाला हसू नका. इथले बायसन अंग खाजवायला काहीतरी शोधत असतात, आणि कुंपण नसेल तर ते काहीतरी म्हणजे केबिनचा कोपरा असतो. काम जून ते सप्टेंबर, कारण हिवाळ्यात रस्ताच बर्फाखाली. राष्ट्रीय उद्यानांच्या अधिकृत स्वयंसेवक योजनेतून अर्ज करावा लागतो, शक्यतो हिवाळ्यातच. परदेशी नागरिक असाल तर तुमच्या व्हिसावर हे चालतं का ते आधी विचारा.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा, उद्यानात असो की कुणाच्या खासगी रानातली रिकामी केबिन. बंद पडलेल्या केबिनमध्ये डिअर माउस नावाचे उंदीर असतात आणि त्यांच्या लेंड्या-मुताच्या धुळीतून हंटाव्हायरस पसरू शकतो. या प्रकारचा आजार पश्चिम अमेरिकेत 1993 मध्ये प्रथम ओळखला गेला आणि तो जीवघेणा आहे. म्हणून आत शिरल्या शिरल्या झाडू हातात घ्यायचा नाही. दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्यायची, ब्लीचच्या पातळ पाण्याने सगळं भिजवायचं, योग्य फिल्टरचा मास्क घालायचा आणि मग ओलंच पुसून काढायचं. दुसरी गोष्ट खिळ्यांची. जमिनीवर पडलेला गंजका खिळा खिशात टाकू नका. चौकोनी कापीव खिळा आहे की तारेचा गोल, यावरून भिंतीचा तो भाग साधारण 1890 च्या आधीचा की नंतरचा याचा अंदाज लागतो, पण तो कुठे सापडला हे माहीत असेल तरच. जिथे दिसला तिथेच ठेवा आणि काम पाहणाऱ्या माणसाला बोलवा.